स्टेशन-पुरवठा आणि गावच्या घोडशर्यती (वसाहतकालीन ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतींच्या अंतर्भागात १९व्या शतकात मेंढ्या-गुरांच्या वस्त्यांना वर्षभराचा माल उधारीवर पुरवणारी दुकाने व आडत कंपन्या उभ्या राहिल्या. त्याच वस्त्यांवर वर्षातून एकदा-दोनदा घोडशर्यती भरत. एक विषय आर्थिक इतिहासात आणि दुसरा क्रीडेच्या इतिहासात टाकण्याची पद्धत आहे. त्यामुळे दोन्ही अपुरे समजतात. दुकानदाराच्या चोपडीत ज्याचे खाते, त्याचाच घोडा शर्यतीत धावे. आणि शर्यत कधी भरवायची हे लोकरीचा पैसा कधी येतो यावर ठरे.

‘स्टेशन’ म्हणजे तेथे मेंढ्या वा गुरे पाळण्याचे विस्तीर्ण कुरण आणि त्यावरची वस्ती. एकेक स्टेशन शेकडो चौरस किलोमीटर पसरलेले असे. सरकारी जमिनीवर आधी मेंढ्या घालून मागाहून हक्क सांगणाऱ्या कुरणवाल्यांना ‘स्क्वॉटर’ म्हणत. १८६१ च्या रॉबर्टसन कायद्यांमुळे न्यू साउथ वेल्समध्ये लहान शेतकऱ्यालाही एकरी १ पौंड दराने ४० ते ३२० एकर जमीन घेता येऊ लागली. चौथाई रक्कम आधी भरायची, उरलेली पुढे. हे झाले ‘सिलेक्टर’. ‘सरकारी’ म्हटली गेलेली ही सगळी जमीन मुळात तेथील आदिवासी समाजांची होती. त्यांच्याशी ना करार झाला, ना त्यांना मोबदला मिळाला. ही गोष्ट सोडून या विषयावर लिहिणे योग्य नाही.

दुकान व शिधा : अंतर्भागातले दुकान बहुधा पन्हळी पत्र्याचे असे. आत पिठाची व साखरेची पोती, चहाच्या पेट्या, तंबाखूच्या वड्या, मेणबत्त्या, घोड्याचे नाल व खिळे, खोगिरे, लगाम, कातरणीच्या कात्र्या, कुऱ्हाडी, तारेची भेंडोळी. मजुरांचा आठवड्याचा शिधा चार आकड्यांत सांगितला जाई : ‘दहा, दहा, दोन आणि पाव’. म्हणजे १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा. यात भाजीपाला नाही, दूध नाही. पिठाची निखाऱ्यांच्या राखेत भाजलेली जाड भाकर, तिला ‘डॅम्पर’ म्हणत. आणि पत्र्याच्या डब्यात उकळलेला कोरा चहा. या आहारावर माणसे महिनोन्‌महिने काढत.

माल कुरणाच्या गरजेप्रमाणे बदलत गेला. सुरुवातीला प्रत्येक कळपामागे मेंढपाळ असे. १८५० नंतरच्या दशकांत तारेची कुंपणे आली, मेंढपाळ कमी झाले आणि तार हा दुकानाचा मोठा माल ठरला. मेंढ्यांच्या खरजेवर तंबाखूचे पाणी, गंधक, सोमल अशी औषधे लागत. लोकर भरायच्या गोण्या आणि धान्याची पोती तागाची असत. त्यांतली कित्येक कोलकात्याहून येत. गव्हाच्या पट्ट्यात, विशेषतः साउथ ऑस्ट्रेलियात, अवजारांचा वेगळा व्यापार वाढला. खोडांनी व मुळांनी भरलेल्या जमिनीत अडथळा आला की फाळ आपोआप वर उचलला जाणारा नांगर १८७६ मध्ये तेथेच तयार झाला. बाहेरून आणलेली अवजारे त्या जमिनीत मोडत, म्हणून शेतकऱ्यांनी आपली अवजारे आपणच घडवली.

शिध्याच्या पिठाचा उपयोग माणसे मारण्यासाठीही झाला. १८४२ मध्ये आजच्या क्वीन्सलंडमधील किल्कॉय स्टेशनवर विष कालवलेल्या पिठाने अनेक डझन आदिवासी मेले.

उधारीचे वर्ष : मेंढ्यांची लोकर वर्षातून एकदा कापली जाते, पण पीठ-चहा रोज लागतो. हे अंतर उधारीने भरून निघे. १८४३ मध्ये मंदीच्या काळात न्यू साउथ वेल्सने एक कायदा केला. मेंढीच्या अंगावर वाढत असलेली लोकर, कापण्याआधीच, तारण ठेवायची मुभा त्याने दिली. उभ्या पिकावर उचल घेणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. त्याच वर्षी टॉमस मॉर्ट यांनी सिडनीत लोकरीचे नियमित लिलाव सुरू केले. मेलबर्नमध्ये फ्रेडरिक डॅल्गेटी आणि रिचर्ड गोल्ड्सब्रो, ॲडलेडमध्ये एल्डर बंधू व रॉबर्ट बार स्मिथ यांनी अशाच पेढ्या वाढवल्या. त्यांना ‘स्टॉक अँड स्टेशन एजंट’ म्हणत. आपला आडत्या हा त्यांना सर्वांत जवळचा शब्द. फक्त या आडत्याचे गोदाम बंदरात असे आणि गिऱ्हाईक हजार किलोमीटर आत.

व्यवहार असा चाले. कुरणवाला वर्षभराची यादी पाठवी. एजंट माल घेऊन रवाना करी आणि रक्कम खात्यावर मांडी. कातरणी झाली की लोकरीच्या गासड्या त्याच एजंटकडे येत. तो त्या विके किंवा लंडनला पाठवी, आणि आडत, वाहतूक, गोदामभाडे, विमा व व्याज कापून उरेल ते कुरणवाल्याच्या नावे जमा करी. बहुतेक वेळा उरत नसे, खाते पुढच्या वर्षावर जाई. धनको, माल विकणारा आणि पीक विकून देणारा एकच असल्यावर ऋणकोला भाव विचारायला दुसरे दार राहत नाही. सिलेक्टरांची अडचण आणखी वाईट. त्यांचा धनको गावातला दुकानदार. तो स्वतः शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या कर्जात. दोन हंगाम गेले की जमीन दुकानदाराच्या नावावर होई.

१८९० च्या दशकात ही साखळी तुटली. १८९३ मध्ये बँका कोसळल्या आणि त्याच काळात लांबलेला दुष्काळ सुरू झाला. १८९० च्या सुमारास दहा कोटींवर गेलेली मेंढ्यांची संख्या १९०२-०३ पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. कुरणे एजंट कंपन्यांच्या ताब्यात गेली. कर्ज देणाऱ्यांना मेंढपाळीत उतरायचे नव्हते, पण कर्ज बुडाले तशी तीही करावी लागली.

वाहतूक : माल पोहोचेल की नाही, हा दर वर्षीचा प्रश्न. बैलांच्या गाड्यांना महिने लागत. १८५३ मध्ये मरे नदीवर वाफेच्या बोटी सुरू झाल्या. डार्लिंग नदीने त्या अंतर्भागातल्या बर्क गावापर्यंत माल नेत आणि लोकर घेऊन परतत. नदी आटली की बोट आहे तेथेच रुतून बसे, कधी काही महिने. जेथे नदी नव्हती तेथे उंट आले, आणि या ठिकाणी हा इतिहास आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. टॉमस एल्डर यांनी १८६६ मध्ये कराचीहून शंभरावर उंट व ३१ उंटवाले आणवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. हे उंटवाले बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण होते. गोऱ्यांनी सर्वांना ‘अफगाण’ म्हटले. साउथ ऑस्ट्रेलियातील मारी या रेल्वेच्या टोकाच्या गावी त्यांची वस्ती, मशीद आणि खजुराची झाडे होती. रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला हे आणि आदिवासी. पीठ, तार, पत्रे यांची ओझी घेऊन त्यांचे तांडे उत्तरेला शेकडो किलोमीटर जात आणि परतताना लोकर आणत. त्यांच्याशिवाय वाळवंटाच्या कडेची कित्येक स्टेशने एक वर्षही तगली नसती. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानंतर मात्र त्यांना बायकामुले आणणे जवळजवळ अशक्य झाले.

शर्यती : वसाहतीतली पहिली अधिकृत शर्यत ऑक्टोबर १८१० मध्ये सिडनीच्या हाइड पार्कवर, ७३व्या पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने झाली. मेलबर्नमध्ये १८३८ पासून शर्यती होत्या. मेलबर्न कप ही तिथली मोठी शर्यत १८६१ पासून. त्या पहिल्या कपाचा विजेता ‘आर्चर’ आपल्या गावाहून मेलबर्नपर्यंत चालत गेला, असे आजही सांगितले जाते. खरे तर तो आगबोटीने गेला होता.

गावच्या शर्यतींचा बाज वेगळा. धावपट्टी म्हणजे सपाट माळ किंवा वाळलेल्या तळ्याची कडक माती. प्रेक्षकांसाठी झाडपाल्याचा मांडव. घोडे स्टेशनवरचेच : आठवडाभर गुरे वळणारा घोडा शनिवारी शर्यतीत उतरे, आणि स्वारही बहुधा तेथलाच असे. बक्षिसांत रोख रकमेबरोबर खोगीर, लगाम, चाबूक असत. ‘पिकनिक रेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कुरणवाल्या घराण्यांच्या मेळाव्यांत हौशी स्वारांसाठी ‘ब्रेसलेट’ नावाची शर्यत असे. तिचे बक्षीस बाईच्या हातातले कडे. बोवरालजवळची बाँग बाँगची पिकनिक शर्यत १८८६ पासूनची आहे. रात्री लोकर कातरण्याच्या छपरात नाच होई. लोकरीच्या चरबीने तिथल्या फळ्या वर्षानुवर्षे इतक्या गुळगुळीत झालेल्या असत की नाचायला दुसरे काही लागत नसे.

मुहूर्त बहुधा कातरणीनंतरचा. मजुरांच्या हाती वर्षाचा पैसा तेव्हाच येई, मालकाचे खाते तेव्हाच थोडे मोकळे होई. शर्यतीच्या दिवसांत लोक उधारी फेडत, नवा माल सांगत, घोडे विकत, मजूर ठरवत, लग्नेही जमत. दुकानदार आणि खानावळवाले वर्गणी देत, बक्षिसे लावत. मैदानावर दारूचा मांडव टाकण्याचा हक्क लिलावात जाई. यात लूटही होती. मजुराने मजुरीचा संपूर्ण चेक दारू विकणाऱ्या खानावळवाल्याच्या हाती द्यावा आणि तो संपला असे सांगितले जाईपर्यंत प्यावे, या प्रकाराला ‘लॅम्बिंग डाउन’ असे नावच पडले होते. वर्षभराच्या कष्टाचा पैसा चार दिवसांत जाई, आणि तो मजूर खांद्यावर वळकटी घेऊन पुन्हा पायी निघे.

शर्यतीचा आणि पुरवठ्याचा संबंध एका नियमात फार स्पष्ट दिसतो. उत्तरेच्या गुरांच्या प्रदेशात, उदाहरणार्थ ब्रुनेट डाउन्स येथे, शर्यती ‘गवतावरच्या’ घोड्यांच्या असत. शर्यतीच्या काही आठवडे आधी सर्वांचे घोडे एका सामाईक कुरणात सोडायचे. त्यांना दाणा द्यायचा नाही. ओट आणि मका दुरून विकत आणावे लागत, म्हणजे ज्याची पत मोठी त्याचाच घोडा जोमदार. एकाच गवतावर सर्वांना ठेवले की घोड्याची जात आणि स्वाराचे कसब एवढेच उरे. इतका विचारपूर्वक केलेला नियम मोठ्या शहरांच्या शर्यतींतही सापडत नाही.

आडत कंपन्या पुढे घोड्यांच्या विक्रीतही उतरल्या. सिडनीची विल्यम इंग्लिस पेढी १८६७ पासूनची. गुरांच्या लिलावातून ती शर्यतीच्या शिंगरांच्या लिलावांकडे वळली. न्यूझीलंडमध्ये राइट स्टीफन्सन या स्टेशन एजंट कंपनीने ट्रेंटहॅम येथे १९२८ मध्ये एक शिंगरू १६० गिनींना विकले. तो पुढचा ‘फार लॅप’, १९३० च्या मेलबर्न कपाचा विजेता.

आदिवासी गुराखी : उत्तर व मध्य ऑस्ट्रेलियातील गुरांची स्टेशने आदिवासी गुराख्यांच्या श्रमावर उभी होती. घोड्याची उत्तम जाण आणि त्या प्रदेशाची बिनचूक माहिती त्यांच्याकडे होती. मोबदला म्हणून अनेकांना दशकानुदशके शिधा, कपडे आणि तंबाखू एवढेच मिळे. पैसा देण्याऐवजी दुकानातून माल द्यायचा, म्हणजे दुकान हेच वेतन. १९६६ मध्ये वेव्ह हिल स्टेशनवरून गुरिंदजी या आदिवासी समाजाचे गुराखी काम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी वेतनापुढे जाऊन आपली जमीन परत मागितली. गावशर्यतींच्या आठवणींत या स्वारांचा उल्लेख फार थोडा येतो. ही उणीव इतिहास लिहिणाऱ्यांची आहे.

भारताशी संबंध : न्यू साउथ वेल्सहून येणाऱ्या घोड्यांना ‘वेलर’ हे नाव भारतातच पडले. १८१६ पासून असे घोडे भारतात येऊ लागले आणि ब्रिटिश घोडदळासाठी ही निर्यात शंभराहून अधिक वर्षे चालली. कोलकाता व मद्रास या त्यांच्या मुख्य पेठा. मुंबईत आखाती अरबी घोड्यांचा व्यापार जुना व मोठा होता. भायखळ्याला, आणि १८८३ पासून महालक्ष्मीला, धावणाऱ्या घोड्यांत अरबी, वेलर आणि देशी असे वर्ग केले जात. कुरणवाल्यासाठी ही निर्यात लोकरीखेरीजचे उत्पन्न होते; गावच्या शर्यतीत उठून दिसलेल्या घोड्याला घोडेव्यापारी चांगला भाव देई.

बर्ड्सव्हिल : क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्या सीमेवर, सिम्प्सन वाळवंटाच्या कडेला हे गाव आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस डायमँटिना नदी ओलांडायच्या जागी स्टेशनांसाठी मालाचे एक कोठार बांधले गेले, त्याभोवती गाव वसले. सप्टेंबर १८८२ मध्ये, अजून ते अधिकृत गावही नव्हते तेव्हा, तेथे पहिल्या शर्यती झाल्या. आसपासच्या स्टेशनांवरून सुमारे दीडशे माणसे आली. दक्षिणेला मारीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरांची वाट. त्याच वाटेने गुरे रेल्वेकडे जात आणि उंटांवरून माल येई. सीमेवर जकात घेतली जाई, म्हणून जकात कार्यालय होते. शतकाच्या शेवटी तीन खानावळी होत्या. १९०१ मध्ये वसाहतींचे संघराज्य झाले, जकात बंद झाली आणि गाव ओसरले. शर्यत मात्र राहिली. आज शंभर-सव्वाशे वस्तीच्या या गावात दर सप्टेंबरला हजारो लोक येतात, आणि जमलेल्या पैशातला वाटा अंतर्भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसला जातो. २०१० मध्ये ऐन शर्यतीच्या वेळी पाऊस आला, धावपट्टीचा चिखल झाला, मातीचे रस्ते बंद पडले. शर्यती रद्द झाल्या, आणि जमलेले हजारो पाहुणे वाट वाळेपर्यंत गावातच अडकून राहिले.