स्मृतिभ्रंश साहाय्यसेवा (ठाणे व नवी मुंबई)

स्मृतिभ्रंश साहाय्यसेवा : स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तीला आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना निदानापासून अखेरच्या काळापर्यंत मिळणारे वैद्यकीय, सामाजिक व कायदेशीर साहाय्य. स्मृतिचिकित्सालय (मेमरी क्लिनिक), दिवसा सांभाळण्याची सोय, घरी येणारे मदतनीस, काळजीवाहकांचे आधारगट, दूरध्वनीवरील मार्गदर्शन आणि निवासी शुश्रूषा यांचा त्यात समावेश होतो. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या नेहमीच्या औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेल्या अल्झायमर विकारातील मेंदूचा ऱ्हास त्यांनी थांबत नाही. त्यामुळे या विकारात साहाय्यसेवेला दुय्यम स्थान देता येत नाही. बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने तीच उपचाराचा मोठा भाग असते.

या सेवांचा भारतातील उगम दोन ठिकाणांहून धरता येतो. निराधार व पंगू वृद्धांना आश्रय देणाऱ्या संस्थांपासून आरंभ मानल्यास पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृहापर्यंत, म्हणजे साधारणपणे १८६० च्या दशकापर्यंत, मागे जावे लागते. ठाण्यापुरते पाहिल्यास १९०१ मध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयाकडे बोट दाखवता येईल. मात्र या संस्थांमध्ये स्मृतिभ्रंश हा स्वतंत्र विकार म्हणून ओळखला जात होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी आपली रुग्णनोंद १९०६ मध्ये मांडली आणि ‘अल्झायमर विकार’ हे नाव पाठ्यपुस्तकात १९१० मध्ये आले. दुसरा आरंभबिंदू कोचीन येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया (एआरडीएसआय) या संस्थेचा आहे. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही सेवेचे लाभार्थी मानण्याची दृष्टी या संस्थेमुळे रुजली, म्हणून हाच आरंभबिंदू अधिक ग्राह्य वाटतो. संस्थेची मुंबईतही शाखा आहे. १९९८ मध्ये कोचीन येथेच ‘१०/६६’ हा आंतरराष्ट्रीय संशोधनगट आकारास आला. जगातील सुमारे ६६ टक्के स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्याधारित संशोधनाचा १० टक्क्यांहूनही कमी भाग तेथे होतो, ही विषमता त्याच्या नावात नोंदवली आहे.

विकाराच्या प्रमाणाविषयीचे आकडे जपून वाचावे लागतात. ठाणे परिसराला सर्वांत जवळचे सर्वेक्षण मुंबईचे असून ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २४,५०० लोकसंख्येच्या त्या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये हे प्रमाण २.४ टक्क्यांच्या आसपास आढळले. याउलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने ६० वर्षांवरील भारतीयांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती, असा निष्कर्ष काढला. एवढा फरक विकार वाढल्याने पडला असे म्हणता येत नाही. निदानाचे निकष बदलले, शिवाय ‘वय झाले की विसरायला होतेच’ असे मानणारे कुटुंब रुग्णाच्या अडचणी कमी सांगते आणि जुन्या पद्धतीत असे रुग्ण गणनेतून गळत. सेवांच्या नियोजनासाठी नंतरचा आकडा धरणे अधिक सुरक्षित आहे.

निदानाच्या साधनांचा प्रश्न याला लागूनच येतो. स्मृतिपरीक्षेचे प्रचलित नमुने शाळा शिकलेल्या माणसाला गृहीत धरतात. निरक्षर व्यक्तींना लागू पडेल अशी हिंदी परीक्षा हरियाणातील बल्लभगढ येथील संशोधनातून १९९० च्या दशकात तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यानंतर बहुभाषिक चाचणीसंच विकसित केला, तो आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत; मराठी त्यात नव्हती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आगरी-कोळी बोलीत आयुष्य गेलेल्या वृद्धेला इंग्रजी तारीख सांगता आली नाही, एवढ्यावरून अनुमान काढणे योग्य नव्हे. नुकताच कोणता सण झाला, हे विचारणे अधिक न्याय्य ठरते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते, म्हणून साध्या रक्ततपासण्या आधी करून घेणे अत्यावश्यक आहे.

काळजीवाहकाला दिलेल्या मदतीचा उपयोग होतो का, याचा मराठी वाचकाला जवळचा पुरावा गोव्यातून आला आहे. तेथे ८१ कुटुंबांचा समावेश असलेला यादृच्छिक (चिठ्ठीसारख्या पद्धतीने गट पाडलेला) प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक, अल्पप्रशिक्षित गृहसल्लागार सहा महिने घरी जात, आजाराची माहिती देत, आंघोळ-जेवणाच्या अडचणींवर उपाय सुचवत, आणि तज्ज्ञ डॉक्टर त्यांच्या पाठीशी असत. काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनाने होणारा त्रास त्यांना कमी वाटू लागला. महागडी यंत्रे किंवा नवी इमारत लागली नाही, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

ठाणे शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय व कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तर नवी मुंबईत वाशी, नेरूळ व ऐरोली येथील महापालिका रुग्णालये ही सार्वजनिक वैद्यकीय केंद्रे आहेत. ठाण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशनाची व स्वमदतगटांची परंपरा निर्माण केली. ज्येष्ठ नागरिक संघ आणि नवी मुंबई महापालिकेची विरंगुळा केंद्रे यांचे जाळे मोठे आहे, पण ते मुख्यतः स्वतः चालत येऊ शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे. स्मृतिभ्रंश सुरू झालेली व्यक्ती संकोचाने या मंडळींतून हळूहळू बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच वेळी तिला सोबतीची सर्वाधिक गरज असते. याच केंद्रांत आठवड्यातून काही तास प्रशिक्षित सोबत ठेवणे सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरेल.

प्रत्यक्षात घरोघरीचा भार मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी किंवा मामांवर असतो. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीने ते काम करतात. त्यांपैकी अनेकांना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा येते, पण हिंडताफिरता स्मृतिभ्रंशाचा रुग्ण, त्याचा संशय, संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता आणि ‘मला घरी जायचंय’ हा स्वतःच्याच घरात धरलेला हट्ट कसा हाताळावा, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

कायदेशीर साहाय्य हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. मुलांच्या नावे केलेले कुलमुखत्यारपत्र पुढे उपयोगी पडेल अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारी संपते; क्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र भारतीय कायद्यात नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात मनोरुग्णाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाची तरतूद होती. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये ती राहिली नाही; त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच असतो. ठरावीक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कक्षेत स्मृतिभ्रंश येत नाही. परिणामी मालमत्तेसाठी पालक नेमून घेण्यास कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. निदान लवकर झाल्यास संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र या गोष्टी रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेने करता येतात. लवकर निदानाचा हा लाभ वैद्यकीय लाभाइतकाच मोलाचा आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या अधिनियमाखाली दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. ज्येष्ठ व्यक्ती असमर्थ असल्यास तिच्या वतीने अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याच्या पातळीवर असते. कोणत्या न्यायाधिकरणाकडे जायचे हे ठरवताना नवी मुंबईची प्रशासकीय विभागणी लक्षात घ्यावी लागते : वाशी, नेरूळ, ऐरोली हे भाग ठाणे तालुक्यात मोडतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात.

भरकटणे हा लोकलच्या पट्ट्यातील विशेष धोका आहे. ठाण्यात गाडीत बसलेली व्यक्ती तासाभरात कसाऱ्याकडे किंवा पनवेलला पोहोचू शकते आणि तोवर घरचे सोसायटीच्या आवारातच शोधत असतात. संपर्क क्रमांक लिहिलेले कडे किंवा कपड्याला शिवलेली पट्टी, घरच्यांनी जवळ ठेवलेले छायाचित्र आणि विनाविलंब ११२ तसेच रेल्वेचा १३९ या क्रमांकांवर कळवणे, हे उपाय त्यासाठी सांगितले जातात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. काळजीवाहकाला स्वतःच्या मानसिक ताणासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

निवासी शुश्रूषेसाठी या परिसरातील कुटुंबे बहुधा शहराबाहेर पाहतात. १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे ज्येष्ठांची वसाहत उभारली असून तेथे स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या शुश्रूषेचाही विचार केलेला आहे. सर्वसाधारण वृद्धाश्रमांत प्रवेशाच्या वेळी स्वतःचे स्वतः आवरण्याची अट बहुधा असते, त्यामुळे मध्यम अवस्थेतील रुग्णांना तेथे जागा मिळणे कठीण जाते.