हप्ता राहिला बाजूला

केनियात पैशाला 'पेसा' म्हणतात. शब्द आपल्याच बाजूने समुद्र ओलांडून गेलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत चक्क रुपया चालत असे. पुढे रुपया गेला, पण पेसा स्वाहिलीत मुरला तो मुरलाच. मार्च २००७ मध्ये तिथल्या सफारीकॉम कंपनीने मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आणली, तिचं नाव एम-पेसा. एम म्हणजे मोबाइल.

आज तिचं नाव घेतलं की पैसे पाठवणंच आठवतं. पण मुळात ती त्यासाठी बनवलेलीच नव्हती.

सफारीकॉमची भागीदार व्होडाफोन. तिथल्या निक ह्यूज यांच्या डोक्यात होतं लघुकर्ज. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने सुमारे दहा लाख पौंड दिले, जवळपास तेवढीच भर व्होडाफोनने घातली आणि सूझी लोनी यांनी केनियात प्रत्यक्ष काम उभं केलं. जोडीला फाउलू नावाची कर्ज देणारी संस्था. तिचं काम आपल्या बचत गटांच्या वळणाचं: ठरलेल्या दिवशी गटाची बैठक, रोख हप्ता, वहीत नोंद. हाच हप्ता फोनवरून भरता आला तर सगळ्यांचा वेळ वाचेल, असा हिशेब होता. ऑक्टोबर २००५ मध्ये नैरोबी आणि थिका भागात चाचणी सुरू झाली. ग्राहक ५०० हूनही कमी.

पहिली कुरबुर संस्थेकडूनच आली. हप्ता घरबसल्या भरता येतो म्हटल्यावर बैठकीला येणार कोण? आणि अशा कर्जाला तारण कसलं, तर चारचौघांची ओळख आणि भीड. बैठकच मोडली की तारण गेलं. शिवाय फोनवरून आलेला हप्ता संस्थेच्या जुन्या हिशेबात बसवणं ही वेगळीच डोकेदुखी.

त्यापेक्षा मोठं आश्चर्य ग्राहकांनी दिलं. कोणी एका दुकानात रोकड देऊन ती फोनवरच्या खात्यात जमा करी, दुसऱ्या गावापर्यंत प्रवास करी आणि तिथल्या दुकानातून तेवढीच रक्कम काढून घेई. पैसे कोणालाच पाठवलेले नसत. वाटेत लुटलं जाऊ नये, एवढंच. काही व्यापारी दिवसाचा गल्ला संध्याकाळी फोनमध्ये टाकत आणि सकाळी काढत, म्हणजे फोनची रात्रीपुरती तिजोरी. कोणी दुसऱ्याचा हप्ता भरून देई आणि बदल्यात त्याच्याकडून एखादं काम करून घेई, तर कोणी गावाकडच्या नातेवाइकांसाठी टॉकटाइम विकत घेई.

'तुम्हाला कोणती सेवा हवी?' असा फॉर्म या माणसांपुढे ठेवला असता, तर 'माझे पैसे माझ्यासोबत बसमध्ये नकोत' असं कोणी लिहिलं असतं का? मला नाही वाटत. सवयीची अडचण माणसाला अडचण वाटत नाही, ती त्याच्या वागण्यात दिसते. ती दिसली याचं श्रेय चाचणी छोटी ठेवण्याला आणि नोंदी नीट वाचण्याला द्यायला हवं. आपला हेतू सोडून लोक सेवा 'चुकीची' वापरत आहेत, असं म्हणून नियम घट्ट करण्याचा मोह कुठल्याही कचेरीला झाला असता.

इथे उलटं झालं. कर्जाचा भाग बाजूला ठेवला, फोनवरच्या सोयींची यादी आखूड केली आणि २००७ मध्ये जाहिरात झाली ती 'घरी पैसे पाठवा' एवढीच. नैरोबीत कमावणारा एक आणि गावाकडे वाट पाहणारे पाच, हे चित्र कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गिरणगावातून सुटलेली मनीऑर्डर आणि तिची वाट पाहणारं घर, यावर आपल्याकडे कितीतरी गावं जगली. १८८० मध्ये सुरू झालेली ती जुनी मनीऑर्डर टपाल खात्याने २०१५ मध्ये थांबवली.

तंत्र मुद्दाम साधं ठेवलं होतं. बटणांचा स्वस्त फोन, इंटरनेट नाही. सेवेची छोटी यादी सिम कार्डातच साठवलेली. रक्कम, समोरच्याचा नंबर आणि पिन टाकला की सिम तो मजकूर सांकेतिक करून एसएमएसने पाठवतं. लगेच दोघांनाही संदेश येतो आणि तीच पावती. रोकड देण्या-घेण्यासाठी टॉकटाइम विकणारे दुकानदार कामाला आले. ग्राहकाने शंभर शिलिंग दिले की दुकानदाराच्या खात्यातली शंभराची डिजिटल शिल्लक ग्राहकाकडे सरकते, आणि या सगळ्या शिलकीइतकी खरी रक्कम बँकेतल्या विश्वस्त खात्यात पडून असते. दुकानदाराला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात: गल्ल्यात नोटा आणि फोनमध्ये शिल्लक. एक संपली की धंदा ठप्प.

परिणाम मोजले ते तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी. घराजवळ असे दुकानदार किती वाढले, यावरून त्यांनी कुटुंबांची तुलना केली. आजारपण, नोकरी जाणं असा फटका बसला की सेवा न वापरणाऱ्यांचा घरखर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटत होता. वापरणाऱ्यांचा मात्र टिकून होता, कारण दूरच्या आप्तांची मदत लगेच पोचत होती. २०१६ च्या अभ्यासात त्यांनी १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आल्याचा अंदाज मांडला. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत.

हीच सेवा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये गेली आणि २०१६ मध्ये गुंडाळली गेली. तिथे बऱ्याच लोकांची बँकेत खाती होती, शिवाय मोठ्या दुकानांतून पैसे पाठवायची सोयही होती. भारतात ती २०१३ मध्ये आली. इथले बँकिंगचे नियम वेगळे होते, पुढे यूपीआय आलं, आणि २०१९ मध्ये इथलाही कारभार आटोपला. नाव तेच, तंत्र जवळपास तेच. नड मात्र तिथल्यासारखी मोकळी पडलेली नव्हती.

केनियात बाजूला ठेवलेलं कर्ज २०१२ मध्ये परत आलं, एम-श्वारी या नावाने. ३० दिवसांची मुदत, ७.५ टक्के शुल्क. आता गट नाही, बैठक नाही. कोणाला किती द्यायचं हे ग्राहकाच्या फोनवरच्या व्यवहारांवरून ठरतं.