पार्श्वभूमी: ओव्हलवरचा घोळका, गाडीची रचना आणि ड्रायव्हरांची यादी

इंडीकार या अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या शर्यतमालिकेच्या आजच्या गाडीत सुरक्षेसाठी म्हणून जे काही आहे, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ 1996-97 च्या फाटाफुटीत सापडतं, म्हणजे एका मालिकेच्या दोन मालिका झाल्या तेव्हा. इंडीची, म्हणजे इंडियानापोलिस 500 या मुख्य शर्यतीची, 1964 ची आग आणि त्यानंतर पेट्रोल जाऊन आलेलं मिथेनॉल, तिथलाच 1973 चा अपघातांचा मे महिना आणि त्यानंतर 75 वरून 40 गॅलनवर आलेली टाकी, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण तो इतिहास आता पुरेसा पचलेला आहे. नव्वदीच्या दशकातला अजून पचलेला नाही.

फूट कोणी पाडली आणि इंडीच्या 33 पैकी 25 जागा एकाच मालिकेच्या गुणतक्त्यासाठी राखून ठेवणं योग्य होतं का, ही भांडणं बाजूला ठेवू. गाडीच्या दृष्टीने निर्णायक वर्ष त्याच्या पुढचं. 1996 मध्ये इंडीला पात्रता फेरीत चार लॅपची सरासरी ताशी 236.986 मैलांवर (सुमारे 381 किमी) गेली होती. तो विक्रम अजून उभा आहे. वेग आणि खर्च दोन्ही आवरण्यासाठी नव्या मालिकेने 1997 पासून टर्बो काढून टाकला आणि 4.0 लिटरचं साधं इंजिन आणलं. ताकद घटली, पंखांनी हवेच्या दाबातून मिळणारी पकड, म्हणजे डाउनफोर्स, मात्र भरपूर राहिली. याचे दोन परिणाम झाले.

पहिला लगेच दिसला. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, गाडी गरगरली की बहुतेकदा मागच्या बाजूने भिंतीवर जाते. 1997 च्या गाडीचा मागचा भाग जड आणि ताठ होता. तो चेपत नव्हता, त्यामुळे धक्का थेट ड्रायव्हरच्या पाठीत आणि डोक्यात जायचा. पाठीच्या दुखापतींची रांग लागल्यावर गिअरबॉक्सच्या मागे चेपणारा भाग, म्हणजे रिअर अ‍ॅटेन्युएटर, बसवला गेला.

दुसरा परिणाम कळायला वेळ लागला: घोळका, म्हणजे पॅक रेसिंग. दीड मैलाच्या, भरपूर बँकिंग (वळणातला आडवा उतार) असलेल्या ट्रॅकवर वळणात लागते त्यापेक्षा जास्त पकड गाडीकडे असेल, तर ड्रायव्हर पूर्ण लॅपभर थ्रॉटल सोडत नाही. कोणीच सोडत नाही. मग चांगला आणि सुमार ड्रायव्हर यांच्या लॅपमध्ये फरक पडतो तो फक्त हवेतल्या ओढीचा. पुढच्या गाडीच्या मागे राहिलं की वेग वाढतो, बाहेर पडलं की घटतो. त्यामुळे पुढे निघूनही जाता येत नाही आणि मागेही सुटता येत नाही. वीस-पंचवीस गाड्या दोन-तीन रांगांत चाकाला चाक लावून फिरत राहतात. टीव्हीवर हे फार छान दिसतं, आणि तिकिटंही त्याच्यावरच विकली गेली.

चाकं उघडी असल्याने इथे एक खास धोका आहे. पुढे धावणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाचा पाठीमागचा पृष्ठभाग वरच्या दिशेने जात असतो. मागून येणाऱ्या गाडीचं पुढचं चाक त्याला टेकलं, तर ते खाली दबत नाही, वर फेकलं जातं. पाठोपाठ नाक वर उठतं, पोटाखाली हवा शिरते आणि पंखाची पकड उलट काम करू लागते. त्या क्षणापासून स्टीअरिंग, ब्रेक, टायर यांचा काही उपयोग नसतो, कारण जमिनीला काही टेकलेलंच नसतं. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासला अशाच चाकाच्या टक्करीने हवेत गेलेल्या गाडीतल्या यंत्राने 214 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 214 पट धक्क्याची, नोंद केली. ड्रायव्हर वाचला. भिंतीवर लोखंडी नळ्या आणि त्यांच्या मागे फोमचे ठोकळे लावण्याची पद्धत इंडीला 2002 मध्येच आली होती, पण ती भिंतीसाठी. वरच्या जाळीला आणि तिच्या खांबांना तिचा उपयोग नाही.

आता लास वेगास, 16 ऑक्टोबर 2011. या शर्यतीवर लिहिताना बहुतेक जण आकड्यापाशी थांबतात: 34 गाड्या. आकडा मोठाच होता. इंडीच्या 33 मागचा हिशोब जुना आहे. दर गाडीमागे 400 फूट. अडीच मैल म्हणजे 13,200 फूट, भागिले 400, बरोबर 33. तोच हिशोब दीड मैलाला लावला तर 7,920 फुटांत जेमतेम 20 गाड्या बसतात. 34 घातल्यावर वाट्याला 233 फूट आले. ताशी 220 मैलांना हे अंतर पाऊण सेकंदाच्या आत संपतं. 400 फुटांचा हिशोब ज्या काळातला, तेव्हा इंडीची सरासरी 75 मैलांच्या आसपास होती आणि तेवढ्याच जागेत साडेतीन सेकंद मिळत.

त्यातच यादी. मोसमाचा शेवट गाजावा म्हणून बाहेरच्या ड्रायव्हरला शेवटून सुरुवात करून जिंकल्यास 50 लाख डॉलर असं आव्हान ठेवलं होतं. बाहेरचं कोणी मिळालं नाही. मग ते त्याच वर्षी इंडी जिंकलेल्या, पण पूर्ण मोसमाची गाडी हाती नसलेल्या डॅन व्हेल्डनला देण्यात आलं. तो 34 व्या जागेवरून निघाला. अकराव्या लॅपला 15 गाड्या एकमेकींत अडकल्या. त्याची गाडी हवेत जाऊन जाळीवर आदळली आणि खांब डोक्याला लागून तो गेला. उरलेली शर्यत रद्द झाली.

चौकशी अहवालाने एका कारणावर बोट ठेवलं नाही. त्याचा एक निष्कर्ष मात्र फारसा उद्धृत होत नाही: त्या ट्रॅकवर गाड्यांना वरखाली कुठेही जाता येत होतं, त्यामुळे कोण कुठे येईल याचा अंदाज बांधणं अशक्य झालं. बक्षीस आणि 34 चा आकडा यांवर सगळा राग काढणं सोपं आहे. पण 20 गाड्या असत्या तरी घोळका झालाच असता, कारण गाडीत पकड तेवढीच राहिली असती. खरा वादाचा निर्णय वर्षानुवर्षं घेतला जात होता, दर शर्यतीआधी पंखाचा कोन ठरवताना.

2012 ची गाडी, डीडब्ल्यू12, या अपघाताचं उत्तर म्हणून बनली असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. नव्या गाडीचा निर्णय 2010 च्या जुलैमध्येच झाला होता. तिच्या चाचण्या व्हेल्डनने घेतल्या होत्या म्हणून त्याची आद्याक्षरं नावात आली. मागच्या चाकांच्या मागे बंपरसारखे भाग आणि चाकांमधली जागा भरून काढणारा रुंद तळ, हे दोन्ही चाकावर चाक चढू नये यासाठी होते. कल्पना बरोबर, पण बंपर बारीकशा धक्क्यानेही मोडायचे आणि त्यांचे तुकडे मागच्यांच्या वाटेत पडायचे. 2018 मध्ये ते काढून टाकले.

घोळक्यावर खरा इलाज बंपरचा नव्हताच. 2012 च्या जूनमध्ये टेक्सासला डाउनफोर्स चांगलाच कापला. वळणात थ्रॉटल सोडावा लागला, टायर झिजले, गाडी घसरू लागली आणि गाड्या आपोआप पांगल्या. ड्रायव्हर खूश होते. इतकं उघड उत्तर हातात असताना 2015 च्या जूनमध्ये फाँटानाला पुन्हा डाउनफोर्स वाढला. आघाडी 80 वेळा बदलली, आणि गाडीतून उतरलेले ड्रायव्हर संतापलेले होते.

ड्रायव्हरांच्या यादीवर याचा परिणाम लगेच दिसतो, फक्त तो नियमांत लिहिलेला नसतो. 2012 च्या सप्टेंबरमध्ये, दोन वर्षांपूर्वी इंडीला हवेत उडालेल्या एका ब्रिटिश ड्रायव्हरने फाँटानाला गाडीत बसायला नकार दिला आणि ओव्हल कायमचे सोडले. 2014 मध्ये त्याने रस्त्यावरच्या शर्यती आणि संघमालकाने ओव्हल, अशी एकच गाडी वाटून घेतली. मालकाचे गुण गाडीच्या नंबरवर जमा होतात, त्यामुळे हे व्यवहारातही बसतं: त्या मोसमात लाँग बीच, टेक्सास आणि टोरांटो अशा तीन शर्यती त्या एका नंबरने जिंकल्या. अशी वाटणी नंतर इतरांनीही केली. फॉर्म्युला वनमधल्या भीषण आगीतून वाचून आलेल्या एका ड्रायव्हरने 2021 मध्ये ओव्हल जवळपास पूर्ण टाळले. त्याच वर्षी स्टॉक कारचा सात वेळचा विजेता फक्त रस्त्यावरच्या शर्यतींपुरता आला. 2022 मध्ये तो ओव्हलवरही उतरला, आणि ते ठरवताना डोक्यासमोरच्या नव्या काचेचा विचार त्याने केला होता.

ती काच यायला आणखी एक मृत्यू लागला. 2015 च्या मेमध्ये इंडीला तीन गाड्या सरावात उलट्या झाल्या होत्या. गाडी मागे तोंड करून धावू लागली की पंख आणि तळ दोन्ही उलटे काम करतात. ऐन पात्रतेच्या दिवशी बूस्ट (इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) खाली आणून, शर्यतीच्याच मांडणीत पात्रता घ्यायची पाळी आली. ऑगस्टमध्ये पोकोनोला पुढे आपटलेल्या गाडीचं नाक उडून मागच्या ड्रायव्हरच्या हेल्मेटवर बसलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. चाकांना दोऱ्या 1999 पासून होत्या, कारण 1998-99 मध्ये दोन शर्यतींत सुट्या चाकांनी आणि तुकड्यांनी सहा प्रेक्षक मारले होते. 2016 पासून नाक आणि मागचा पंखही बांधला जाऊ लागला. 2019 मध्ये कॉकपिटपुढे टायटॅनियमचा तीन इंची उभा तुकडा आला आणि 2020 पासून एअरोस्क्रीन: टायटॅनियमची चौकट, तिच्यात पॉलिकार्बोनेटची थरांची काच, 150 किलोन्यूटन भार झेलणारी.

फुकट काही मिळालं नाही. हे सगळं वजन गाडीच्या पुढच्या आणि वरच्या भागात आलं, त्यामुळे पुढचे टायर जास्त झिजू लागले आणि गाडी वळणात बाहेर जाऊ लागली. आतली हवा कोंडते, म्हणून हेल्मेटला नळीने वारा द्यावा लागतो. काचेत धुकं धरू नये म्हणून तापणाऱ्या तारा आहेत, आणि तेल-रबराने काच माखली की पिटमध्ये वरची फिल्म ओढून काढतात. 2020 मध्येच आयोवाला एक गाडी दुसरीवर चढली तेव्हा काचेने काम केलं. दोऱ्यांची मर्यादा 2023 मध्ये कळली: इंडीला चाक जाळीवरून बाहेर गेलं. दोरी तुटलीच नव्हती, चाक हबपाशी निसटलं होतं. नंतर तिथल्या बेअरिंगचा नट बदलला गेला.

यादीतली आणखी एक गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. इंडीला पात्र ठरते ती गाडी, ड्रायव्हर नव्हे. 2011 मध्ये पात्रतेत बाहेर पडलेल्या एका ड्रायव्हरसाठी दुसऱ्या संघाची पात्र ठरलेली जागा घेतली गेली आणि ज्याने ती मिळवली तो घरी बसला. 2023 मध्ये पात्रतेत बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या संघाच्या जखमी ड्रायव्हरच्या जागी शेवटून निघायला मिळालं. दोन्ही वेळा नियम एकच, टीका मात्र पहिल्या वेळी जास्त झाली.

2025 मध्ये इंडीच्या पात्रतेवेळी गाडीची रचना आणि यादी हे दोन्ही धागे एकत्र आले. 1997 च्या पाठदुखीतून जन्मलेल्या अ‍ॅटेन्युएटरचा सांधा भरून गुळगुळीत केल्याचं एका बड्या संघाच्या दोन गाड्यांवर आढळलं. तिथून हवा नीट सरकली तर वेगात किंचित फायदा मिळतो, पण या भागाला हात लावायची मुभा कोणालाच नाही. दोन्ही गाड्या शेवटच्या रांगेत, 32 आणि 33 व्या जागी गेल्या. संघाने तीन वरिष्ठांना काढलं. गाड्या पात्र राहिल्या.