ज्वारी : सोलापूर परिसरातील व इतर समाजांतील उपयोग

ज्वारी हे गवत कुलातील तृणधान्य असून त्याचे शास्त्रीय नाव सॉर्घम बायकलर आहे. ईशान्य आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या परिसरात, ते प्रथम लागवडीखाली आले आणि पुढे भारत व चीनपर्यंत पसरले. तथापि त्याचा कोणता भाग कशासाठी वापरायचा, हे प्रत्येक समाजाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवले.

सोलापूर जिल्ह्यात मुख्यतः रब्बी ज्वारी घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणाऱ्या खोल काळ्या जमिनीत बहुतांशी त्या ओलीवरच पिकते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी (एम 35-1) हा वाण टपोऱ्या, मोत्यासारख्या दाण्यासाठी आजही नावाजला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्याने त्याला चिवटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळून भाकरी हाताने थापतात आणि ती तव्यावर टाकताच वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे तिला तडे जात नाहीत. पातळ थापून ओलावा पूर्ण जाईपर्यंत शेकलेली कडक भाकरी कित्येक दिवस टिकते व शेंगाचटणीबरोबर खाल्ली जाते. दाणे दुधाळ असताना कणसे आगटीत भाजून, गरम असतानाच तळहातांवर चोळून हुरडा काढतात.

कडब्याला दुय्यम मानणे चुकीचे ठरेल. पाऊसमान बेभरवशाचे असलेल्या या भागात जनावरांची बेगमी त्यावरच होते आणि उंच वाढणारा वाण शेतकरी सोडत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. कर्नाटक सीमेलगतच्या गावांत येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून पूजा करतात व आंबील पितात.

बुर्किना फासोमध्ये मोड आणलेल्या ज्वारीपासून दोलो नावाची बिअर, तर चीनमध्ये बायज्यू हे ऊर्ध्वपातित मद्य करतात. अमेरिकेत गोड ताटांच्या रसाची काकवी आणि विशिष्ट वाणाच्या तुऱ्यांचे झाडू होतात. पश्चिम आफ्रिकेत तांबड्या पर्णावरणातून, म्हणजे ताटाला वेढणाऱ्या पानाच्या तळभागातून, चामड्यासाठी रंग काढतात. त्याच भागाचा काढा लोकवैद्यकात रक्तक्षयावर देतात.

कोवळ्या वा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत धुरिन हे द्रव्य असते. त्यातून हायड्रोजन सायनाइड मुक्त होऊन गुरे दगावू शकतात. त्यामुळे असे पीक हिरवे चारणे टाळावे लागते.