टायटल आपलं, पाटी गुगलची

तारकर्ली-देवबागपासून गुहागर-दापोलीपर्यंत किनाऱ्यावर आता घरगुती निवास, बोटिंग, आंब्याच्या पेट्या असं सगळं वेबसाइटवरून विकलं जातं. वेबसाइट करून देणाऱ्याला सीझनच्या तोंडावर एक फोन हमखास येतो: "अवो, तुमी घातलेला नाव गुगलार दिसणा नाय, भलताच कायतरी दिसता!" वर्डप्रेस, म्हणजे साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर, उघडून बघावं तर टायटल (निकालात दिसायचं पानाचं नाव) जागच्या जागी, डिस्क्रिप्शनही (त्याखालचं छोटं वर्णन) जागच्या जागी. दुसरं लावलेलं असतं ते गुगलनेच. मालकाचा वैतागही समजण्यासारखा आहे, पण गुगलकडे हा अधिकार कसा गेला ते बघायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

टायटल टॅग जवळपास वेबइतकाच जुना. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सुरुवातीला एचटीएमएलचे, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेचे, जे मोजके टॅग (खुणा) ठरवले, त्यात तो आहे. काम साधं होतं: ब्राउझरच्या खिडकीवर पानाचं नाव दिसावं आणि साठवून ठेवलेलं पान पुन्हा ओळखता यावं. सर्चसाठी असं त्यात काही नव्हतं. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन आलं आणि या टॅगला बाजारभाव आला. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांनी मालकाच्या शब्दाला मान दिला. पानाच्या मेटा टॅगमध्ये (वाचणाऱ्याला न दिसणारी, पानाबद्दलची नोंद) डिस्क्रिप्शन असेल तर निकालात तेच दाखवायचं. नसेल तर पानाच्या पहिल्या काही ओळी, म्हणजे बहुधा 'वेलकम' आणि पाठोपाठ मेनूतले शब्द. डॅनी सुलिव्हन हे पत्रकार १९९६ पासून वेबमास्टरांना सर्च इंजिनांचं हे गणित समजावून सांगत होते. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

मान दिला की त्याचा गैरफायदा आलाच. मेटा टॅगमध्ये एकच शब्द पन्नासदा लिहायचा, ज्याचा पानाशी संबंध नाही असा खपाऊ शब्द घुसवायचा, हे धंदे तेव्हाच सुरू झाले. शेवटी सप्टेंबर २००९ मध्ये गुगलने उघड सांगितलं की रँकिंगसाठी, म्हणजे निकालातला क्रम लावताना, कीवर्ड्सचा (शोधायच्या शब्दांचा) मेटा टॅग आम्ही बघतच नाही. (तरीही 'कीवर्ड टाकलेत ना?' हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, आणि बिलात त्याची वेगळी ओळही असते.)

दुसऱ्याच्या शब्दांत आपली ओळख दिसण्याचा प्रकार मात्र गुगलच्याही आधीचा. १९९४ साली सुरू झालेल्या याहूच्या डिरेक्टरीत नोंदी माणसं तपासत. तुम्ही 'कोकणातलं सर्वोत्तम रिसॉर्ट' म्हणून अर्ज केलात तरी संपादक विशेषणं छाटून कोरडी एक ओळ ठेवणार. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओपन डिरेक्टरीत, म्हणजे डीमॉझमध्ये, हेच काम स्वयंसेवक करत. गुगलसह अनेक इंजिनं डीमॉझमधलं वर्णन उचलून निकालात दाखवत. त्यात गंमत अशी की स्वयंसेवकाने कधीकाळी लिहिलेली ओळ तशीच राही आणि मधल्या काळात धंदा बदलून जाई. ओरड वाढली तेव्हा २००६ मध्ये आधी मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन सर्चने आणि मग गुगलने 'नोओडीपी' नावाचा टॅग मान्य केला: हा लावा, म्हणजे डीमॉझचं वर्णन दाखवणार नाही. मार्च २०१७ मध्ये डीमॉझ बंद पडलं आणि तो टॅगही कालबाह्य झाला.

खरा सांधा बदलला तो १९९८ मध्ये. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गुगलची रचना मांडणारा जो निबंध लिहिला, त्यात एक कल्पना ठसठशीत आहे: लिंकचे शब्द ज्या पानावर ती लिंक आहे त्याचे तर धरायचेच, पण ज्या पानाकडे ती जाते त्याच्याही नावावर जमा करायचे. कारण एखाद्या पानाचं वर्णन पान स्वतः करतं त्यापेक्षा त्याच्याकडे बोट दाखवणारे बहुतेकदा जास्त अचूक करतात. त्यांनी २ कोटी ४० लाख पानं धुंडाळली होती आणि त्यांतून २५ कोटी ९० लाखांवर लिंकांचे शब्द नोंदवले होते. याचा एक परिणाम आजही दिसतो. साइट बनत असताना डेव्हलपरने रोबोट्सच्या फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी कुठे शिरायचं नाही हे सांगणारी फाइल) गुगलला मज्जाव केला आणि नंतर तो काढायचा राहिला, तरी पान निकालात येऊ शकतं. टायटल मात्र आतलं नाही, कारण आत डोकावायला गुगलला बंदी आहे. मग एखाद्या प्रवासवर्णनात कोणी 'मालवणातलं स्वस्त आणि मस्त घर' अशी लिंक दिली असेल तर तेच नाव चिकटू शकतं, आणि खाली माहिती उपलब्ध नसल्याची सूचना.

वर्णनाचं प्रकरण जरा वेगळं. त्याच १९९८ साली टॉम्ब्रोस आणि सँडरसन या संशोधकांनी दाखवलं की शोधणाऱ्याच्या प्रश्नाप्रमाणे मजकुरातली वाक्यं निवडून दाखवली तर उपयोगाचा कागद कोणता हे त्याला लवकर आणि नेमकं कळतं. गुगल सुरुवातीपासून याच वाटेने गेलं. म्हणून एकाच पानाचं वर्णन दोन प्रश्नांना दोन दिसतं. समजा, देवबागच्या एका निवासाच्या पानावर खोल्या, मालवणी जेवण, स्कूबा असं सगळं एकत्र आहे आणि तळाशी बारीक अक्षरात 'पावसाळ्यात स्कूबा आणि बोटिंग बंद राहील'. कोणी 'देवबाग बोटिंग स्कूबा' शोधलं की नेमकं तेच वाक्य वर येण्याची शक्यता मोठी, कारण दोन्ही शब्द त्यात शेजारी शेजारी आहेत. डिसेंबरच्या भर सीझनमध्ये पाहुण्याला 'बंद राहील' एवढंच दिसतं आणि तो पुढच्या साइटवर जातो. मालकाने सुबक डिस्क्रिप्शन लिहिलेलं असतं, पण त्यात 'निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव' याखेरीज काही नसतं. इंजिनाने ते का दाखवावं?

वर्णनाच्या लांबीचाही खेळ झाला. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने वर्णनं चांगली लांबवली, लोकांनी धावपळ करून आपापली डिस्क्रिप्शन वाढवली, आणि मे २०१८ मध्ये ती पुन्हा आखडली. टायटल किती दिसणार हेही अक्षरं मोजून नाही, पडद्यावरच्या रुंदीवर ठरतं.

टायटल बदलण्याबद्दल गुगलने जानेवारी २०१२ मध्येच लिहिलं होतं: मूळ नाव योग्य नसेल तर आम्ही पर्यायी नाव तयार करतो. तेव्हाही ते बऱ्याचदा शोधलेल्या शब्दांवर अवलंबून असे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोठा बदल आला. नवी पद्धत प्रश्नाकडे न बघता एकूण पानाला शोभेल असं नाव काढू लागली, त्यासाठी पानावरचं मोठं मथळ्याचं अक्षर आणि बाहेरच्या लिंकांचे शब्द वापरू लागली. जगभर आरडाओरडा झाला आणि गुगलची बाजू मांडायला उभे होते तेच डॅनी सुलिव्हन, जे २०१७ पासून गुगलच्या नोकरीत होते. सप्टेंबरमध्ये गुगलने सूर थोडा खाली आणला. मालकाचं टायटल आधी सुमारे ८० टक्के वेळा वापरलं जात होतं, आता सुमारे ८७ टक्के वेळा वापरतो, असा खुलासा आला. उरलेल्यांची कारणं वाचताना आपल्याच किनाऱ्यावरच्या साइट डोळ्यांपुढे येतात. टायटलमध्ये 'हापूस दर २०१९' आणि पानावर ठळक मथळा यंदाच्या दराचा. प्रत्येक पानाला 'होम' हेच नाव. नाहीतर नुसती एक रेघ आणि पुढे हॉटेलचं नाव. 'देवगड हापूस, रत्नागिरी हापूस, ओरिजनल हापूस, बेस्ट हापूस' अशी माळ ओवलेली असेल तर तिला कात्री लागण्यात गुगलची चूक शोधू नये.

मालकाच्या हातात जी साधनं आली ती बहुतेक नकार देण्याची. सप्टेंबर २०१९ मध्ये, युरोपातला नवा कॉपीराइट कायदा फ्रान्समध्ये लागू होण्याच्या तोंडावर, गुगलने वर्णनाची कमाल लांबी ठरवण्याची आणि पानातला ठरावीक तुकडा वर्णनातून वगळण्याची सोय दिली. वरचं पावसाळ्याचं वाक्य 'डेटा-नोस्निपेट' ही खूण लावून झाकता येतं. अमुकच दाखवा असं सांगणारा टॅग मात्र नाही.

मराठी साइटना सगळ्यात जवळचा बदल जून २०२२ चा. पानाचा मजकूर एका लिपीत आणि टायटल दुसऱ्या भाषेत वा लिपीत असेल, तर मजकुराशी जुळणारं नाव गुगल निवडू लागलं. त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत देवनागरी मजकुरावर रोमन अक्षरांत टायटल ठेवलेलं एक हिंदी पानही होतं. आपल्याकडचा पेच इथेच आहे. मालक पान मराठीत लिहितो आणि टायटल रोमनमध्ये ठेवतो, कारण मुंबई-पुण्याचा पाहुणा 'मालवण होमस्टे' हे शब्द इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करतो. गुगल ते नाव बाजूला सारून पानावरचा मराठी मथळा उचलतं. त्यावर उतारा एकच दिसतो: मराठी पानाला मराठी टायटल आणि मराठीच मथळा द्यायचा, आणि इंग्रजी वाचणाऱ्यासाठी इंग्रजी मजकुराचं वेगळं पान करायचं. काम दुप्पट होतं आणि दोन्हीकडचे भाव प्रत्येक वर्षी बदलावे लागतात, हे करून घेणाऱ्याला आधीच सांगितलेलं बरं.