ड्राइव्ह बेल्ट बदलणे (मोटार)

ड्राइव्ह बेल्ट म्हणजे इंजिनाच्या क्रँक पुलीवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकावरून) फिरणारा रबरी पट्टा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही तोच चालवतो. गॅरेजमध्ये त्याला अजून ‘फॅन बेल्ट’च म्हणतात, छोट्या गाड्यांचा पंखा केव्हाच विजेवर गेला, नाव तेवढे राहिले. झाकणाआडचा, व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट निराळा. तो चुकीचा बसला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून त्याला घरी हात लावू नये.

पट्ट्याच्या पाठीवर ‘६पीके१२००’ असे काही छापलेले असते: सहा कंगोरे, १२०० मिमी लांबी. दुकानात गाडीच्या नावासोबत हा आकडाही सांगावा. एकाच मॉडेलच्या एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचा पट्टा वेगळा असू शकतो.

जुने निओप्रीनचे पट्टे तडकत, त्यामुळे दुखणे दिसायचे. आताचे ईपीडीएम रबर सहसा तडकत नाही, टायरसारखे झिजते. कंगोऱ्यांमधली टोकदार खाच पसरट आणि खोल झाली की पट्टा पुलीच्या तळाला टेकून घसरतो. बदलायचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पण ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याला एसी लावून तास-तास अडकणाऱ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पट्टा मात्र फिरतच असतो. अशा गाडीत तो मुदतीआधीच तपासलेला बरा.

काम थंड इंजिनावर, म्हणजे सकाळी काढावे. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी (बहुधा १० नंबरचा पाना). आडव्या (गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेल्या) इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत पट्ट्यापर्यंत हात पोहोचायला उजवे पुढचे चाक आणि आतले प्लॅस्टिक काढावे लागते. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक जॅकखाली खचतात. जाड फळी घालावी आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय आत हात घालू नये.

पट्टा सोडण्याआधी त्याच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्यावा. हे टाळले की पुढचा अर्धा तास कोडे सोडवण्यात जातो. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर त्याच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून स्प्रिंगविरुद्ध फिरवायचे आणि पट्टा गुळगुळीत पुलीवरून उतरवायचा. हाताने ताणायची रचना असेल तर अल्टरनेटरचा खालचा आणि वरचा बोल्ट ढिला करून मग ताणाचा स्क्रू सोडायचा. टेन्शनरशिवायचे लवचीक पट्टेही असतात. ते स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवले की आतले धागे तुटतात. त्यांना खास साधन लागते.

पट्टा निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर किंवा डुगडुग म्हणजे बेअरिंग गेले. तिथे नवा पट्टाही टिकत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या पुलीच्या खाचांत रेती रुतते, ती ब्रशने काढावी. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट दिसले तर आधी गळती बंद करावी.

नवा पट्टा चढवताना नेहमीची चूक एकच: तो एक कंगोरा बाजूला बसतो. टॉर्च लावून प्रत्येक पुली पाहावी, गिअर न्यूट्रलला आणून क्रँक पुली पान्याने नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवावी, पुन्हा पाहावे. हाताने ताणायच्या पट्ट्यात लांब टप्प्याच्या मधोमध सुमारे १० किलोच्या दाबाने साधारण १० मिमी झोळ येतो. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा. सैल पट्टा किंचाळतो, बॅटरी नीट चार्ज होत नाही. फार घट्ट केला तर आवाज येत नाही, पण अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंग जातात. यातला दुसरा प्रकार जास्त महाग पडतो.

आवाज येतच राहिला तर चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात आणि कपडे दूर ठेवून, बाटलीने थोडे पाणी फवारावे. चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. साबण किंवा पावडर लावण्याचा उपाय दोन दिवसांचा, वर खाचांत चिखल होतो तो वेगळाच.

हाताने ताणलेला नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो, आठवडाभराने झोळ पुन्हा मोजावा. उतरवलेला पट्टा अजून शाबूत असेल तर डिकीत ठेवावा.