मस्टर (खान्देश)

कामगारांची रोजची हजेरी मांडलेली वही. मूळ 'मस्टर रोल'मधला 'रोल' गळून 'मस्टर' तेवढे बोलण्यात राहिले. जळगावच्या डाळमिला, चटईचे कारखाने, तालुक्यातालुक्यातल्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), सगळीकडे हाच शब्द. 'मस्टरवर घेतलं' म्हणजे माणूस कायद्याच्या नजरेस पडला. पगार, जादा तास, बोनस, ग्रॅच्युइटी यांचे हिशेब पुढे याच वहीवरून निघतात.

व्यवहारात मस्टर दोन असतात. कच्चे मुकादमाच्या खिशात, पक्के मालकाच्या टेबलावर. सकाळी गेटवर मुकादम अहिराणीत 'कोन उना, कोन नही' विचारत खुणा करतो. कच्च्यात उचल, अर्धा दिवस, खाडे सगळे असते. पक्के बहुधा महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनने भरले जाते. तपासणीला आलेल्या माणसाला ती एकसारखी शाई लगेच दिसते.

आकड्यांची भीती जुनी आहे. १० कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा (दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २० झाले की पीएफ. म्हणून कित्येक मस्टर एकोणिसाव्या नावाशी थांबतात. ही शक्कल फारशी टिकत नाही, कारण मुकादमामार्फत आलेली माणसेही पीएफसाठी मोजली जातात. मुकादमाने मजुरी बुडवली, तर ती भरून देण्याची जबाबदारीही अखेर मालकावर येते. हमालांचे वेगळे आहे: १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेल्या हमालाची मजुरी व लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) माथाडी मंडळाकडे भरावी लागते.

दुकानदाराचा 'गुमास्ता' (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) मात्र शब्दापुरताच जुना आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या व २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब मिटवायचा. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचे. सगळ्यात जड जाते ती उचल. एका वेतनकाळात एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. सणाला मोठी उचल देऊन मजूर बांधून ठेवण्याच्या चालीला हा थेट अडसर आहे, आणि तो असायलाच हवा.

मस्टरला हंगामही असतो. जिनिंगमध्ये दिवाळीच्या आसपास नावे वाढतात, उन्हाळा लागला की उतरतात. फाल्गुनात सातपुड्याच्या पट्ट्यातले पावरा, भिल्ल मजूर भोंगऱ्या बाजाराला (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळीला गावी जातात. तेव्हा रोजची मजुरी दुप्पट करा, नाहीतर हातापाया पडा, कोणी थांबत नाही. जाणते मालक त्या आठवड्याचे रकाने आधीच सुट्टीचे धरतात. नवखे खाडे मांडतात, आणि होळीनंतर गेटवर निम्मीच माणसे परत येतात.